संशय लिहून न देणाऱ्या साळवे मॅडम

गेल्या महिन्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, मिरजगावहून बोलतोय. आक्का गेली." मी विचारलं, कोण आक्का? "रत्नमाला साळवे. तुमच्यासंगट विद्यापीठात हुत्या त्या." आणि मी काय केलं असेल? फोन कट केला. वाईट वाटण्याच्या आधी मला संशय आला... हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. आलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही, आपल्याकडे असलेल्या नंबरवर आपण उलटा लावायचा, ही सवय मला ज्या बाईंनी लावली, त्यांच्याच मरणाची बातमी मी त्यांच्याच रीतीनं तपासली. त्यांच्या नंबरवर फोन लावला. दोन रिंग झाल्या आणि तोच आवाज आला. "लावला ना परत? आक्का म्हनलीच हुती दवाखान्यात, कदम सर आदी इस्वास ठिवायचे न्हाईत, परत लावतील." तो त्यांचा धाकटा भाऊ होता. मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू.

मी साळवे मॅडमना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. आमचं विद्यापीठ मोठं, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सायकलनं जायला अर्धा तास लागायचा. त्याच्या मधोमध संगणक केंद्र, जिथं चपला बाहेर काढून आत जावं लागे. मी तिथं प्रोग्रामर होतो. हिवरे बाजारच्या शेजारच्या गावातून आलेला, घराण्यात पहिल्यांदा संगणकासमोर बसलेला, आणि त्यामुळे नोकरीला जिवापाड जपणारा. मॅडम माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. सगळ्या विभागांना जोडणारी काळी केबल नुकतीच टाकली होती आणि तिच्यावरून कोण येतं, कोण जातं, कोण नको तिथं डोकावतं, हे पाहणं त्यांचं काम. आज त्याला नेटवर्क सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट असं भारदस्त नाव आहे. आमचे प्रमुख तेव्हा पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, "या साळवे मॅडम. या तारा बघतात." लोक हसायचे. मॅडमना त्याचं काही वाटत नसे. त्यांचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, मिरजगाव ते कर्जत खांबाखांबानं पायी फिरलेले. ते सांगायचे म्हणे, "लाईन मुकी झाली तर हापिसात बसून कळत न्हाई पोरी, खांबाखालनं चालावं लागतं." मॅडमनी एकदा हे मला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, आणि विसरलो.

रोज सकाळी त्या मशीनच्या नोंदींचा भोकंभोकं असलेला लांब कागद टेबलावर पसरायच्या आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायच्या. कुणी, किती वाजता, कुठून आलं. चेहऱ्यावर काही नाही. एखाद्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं बारीक रेघ, की पुढं. आमचे शिपाई बाबुराव शिंगणापूरकडचे. ते एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं घराला दारं न्हाईत. कुनी काडीला हात लावत न्हाई. आन् तुमी बिनदाराच्या तारंला कुलपं लावताय." मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तिथं शनिदेव बघतोय, बाबुराव. इथं कोण बघतंय ते मला अजून कळायचंय."

माझ्यावर त्यांनी पहिला प्रयोग केला तो पहिल्याच वर्षी. परीक्षा विभागातल्या एका बाईंचा मला फोन आला, गुणांची फाईल उघडत नाही, तुमचा पासवर्ड सांगता का? आवाज ओळखीचा, काम नेहमीचं. मी सांगितला. पाचच मिनिटांत मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. "दोन मिनिटांत दिलात, कदम. त्यांना मीच फोन करायला लावलं होतं. आता बदला." मी रागावलो. हा कसला खोटेपणा? त्या म्हणाल्या, "खोटेपणाच. पण मी केला म्हणून तुम्हाला कळला." मी पासवर्ड बदलला, पण मनात एक गाठ पडली ती पडलीच. ही बाई माणसांना आधी चोर समजते आणि मग माणूस, असं मी घरी सुलभाला, माझ्या बायकोला, सांगितलं. दुपारी मी जेवायला विद्यापीठातल्याच माझ्या क्वार्टरवर जायचो, बाकीचे डबा खायला एकत्र बसायचे, तेव्हा मॅडम मशीनरूममध्ये एकट्या बसून खायच्या. त्यावरही आमच्यात बोलणं व्हायचं. कुणी म्हणे शिष्ट आहे, कुणी आणखी काही. त्यांना कधी बसा म्हणून कुणी बोलावलं होतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादी फळ्यावर लागली आणि दुसऱ्या दिवशी पाथर्डीकडची मंगल नावाची एक मुलगी थेट आमच्या केंद्रात आली. चप्पल काढून, दारातच उभी. "सर, हितं प्रात्यक्षिकाचे चौपन्न लागलेत. मला चौऱ्याहत्तर हुते. आमच्या वर्गाच्या मॅडमनी वाचून दाखवले हुते." यादीत तिसरी यायला हवी होती ती मुलगी प्रवेशाच्या बाहेर फेकली गेली होती. विभागातला मूळ कागद मागवला. त्यावर चौऱ्याहत्तर. मशीनमध्ये चौपन्न. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, टायपिंगची चूक! दुरुस्त करा आणि विषय संपवा. साळवे मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "चूक असती तर पहिल्या दिवसापासून असती. तीन आठवड्यांपूर्वी सगळ्या गुणांची प्रत टेपवर काढून ठेवली होती, तिच्यात चौऱ्याहत्तरच आहेत. मधे कुणीतरी बदललेत." मग त्या त्यांच्या कागदांच्या गठ्ठ्यात शिरल्या. संध्याकाळी त्यांनी एक पान फाडून पर्समध्ये ठेवलेलं मी पाहिलं. मी विचारलं, सापडलं काही? "बघते," म्हणाल्या.

त्यानंतर अकरा दिवस त्या माझ्याशी नेहमीसारख्याच वागल्या. चहा घेतला, विद्यापीठाच्या गाडीत शेजारी बसल्या, माझ्या मुलीच्या तापाची चौकशी केली. अकराव्या दिवशी त्या उठून आत गेल्या असताना त्यांची वही टेबलावर उघडी राहिली होती. ओळीखाली ओळी. १.३१ बाहेर. मशीन बंद. २.०८ परत. दुसऱ्या दिवशी १.२९ बाहेर. २.११ परत. नाव कुठंच नव्हतं. पण दुपारी दीडला मशीन बंद करून क्वार्टरवर जेवायला जाणारा माणूस केंद्रात एकच होता. मी. ही बाई माझ्या शेजारी बसून माझ्यावर पाळत ठेवत होती.

त्याच दिवशी प्रमुखांनी मला आत बोलावलं. तक्रार वरपर्यंत गेली होती आणि त्यांनी नोंदींचे कागद स्वतः पुन्हा छापून मागवून घेतले होते. "कदम, गुण बदललेत ते तुमच्या नावानं. तारेवर तुमच्या मशीनचा जो नंबर आहे, त्यावरून. दुपारी एक चाळीसला." मी म्हणालो, सर, तेव्हा मी घरी असतो. मशीन बंद असतं. "घरी कोण असतं साक्षीला?" बायको. मला माझं क्वार्टर दिसलं, मुलगी दिसली, गावी वडिलांना जाऊन काय सांगायचं ते दिसलं... "तुमचा पासवर्ड आणखी कुणाला मिळू शकतो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, साळवे मॅडमना. त्यांच्याकडे सगळ्या मशीनची चावी असते, दुपारी मशीनरूममध्ये त्या एकट्याच असतात. प्रमुखांनी यादी माझ्यापुढे सरकवली आणि एका नावावर बोट ठेवलं. मंगल घसरल्यामुळे चौथ्याचा तिसरा झालेला मुलगा. आडनाव साळवे. "मी काही म्हणत नाही," ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं ते लिहून द्या."

मी लिहून दिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. मॅडमशिवाय हे कुणाला शक्य नाही, असं लिहिलं, आणि खाली आणखी एक वाक्य. "यादीतील एका विद्यार्थ्याचे आडनाव तेच आहे, ही बाब निदर्शनास आणू इच्छितो." आमच्याकडे अशा वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मॅडम बौद्ध कुटुंबातल्या, तो मुलगाही तसाच असणार, 'आपल्या माणसासाठी केलं असेल', असं कुजबुजणं केंद्रात आधीच सुरू झालं होतं. मी त्या कुजबुजीला सही आणि तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या जबाबाचं कारण सांगून मॅडमकडून मशीनरूमची किल्ली काढून घेतली आणि मशीनला हात लावायला मनाई झाली. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, तक्रार नाही. एवढंच म्हणाल्या, "मला तारेच्या बाजूनं फिरू द्या. मशीनला हात लावत नाही." प्रमुखांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. कदम बरोबर राहतील, लक्ष ठेवतील.

असे आम्ही दोघं निघालो. डोक्यावर कडक ऊन, खांद्यावर माझ्याकडे लाकडी शिडी, त्यांच्या हातात केबलचा नकाशा. माझा त्यांच्यावर संशय, त्यांचा माझ्यावर, आणि दोघांनाही दुसऱ्याचा माहीत. प्रत्येक इमारतीत छतालगत गेलेली केबल त्या शिडीवर चढून हातानं चाचपायच्या. मी खाली शिडी धरून. ही वर नक्की काय करतेय, हे मी मान वर करून बघायचो. तर त्या मान खाली करून माझ्याकडे बघत असायच्या. दुसऱ्या दिवशी एका लिंबाच्या सावलीत पाणी प्यायला बसलो तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "यादी तुम्ही वरून वाचली, कदम. तो साळवे तिसरा काय, चौथा काय, त्याला प्रवेश मिळणारच होता. माझा तो कुणी लागतही नाही. यादी खालून वाचा. मंगल बाहेर गेली म्हणून शेवटच्या जागेवर आत कोण आला?" मी त्या अंगानं विचारच केला नव्हता. त्या पुढं म्हणाल्या, "आणि महिन्यापूर्वी एका दुपारी सगळी लाईन दोन मिनिटं मेली होती. कुणी तक्रार केली नाही, सगळे जेवत होते. या केबलला नवा जोड घालायचा तर ती तोडावी लागते. म्हणजे कुणीतरी घातलाय. जोड घातला की तारेतून जाणारं सगळं त्याला वाचता येतं. तुमचा पासवर्डसुद्धा. नकाशात एकोणीस जोड आहेत. आपण विसावा शोधतोय."

तो सापडला बियाणं ठेवायच्या एका जुन्या खोलीत. छताचा एक पत्रा थोडा सरकलेला, आत चकचकीत नवा जोड, आणि त्यातून निघालेली केबल भिंतीच्या भोकातून पलीकडच्या केबिनमध्ये गेलेली. मी शिडी धरून होतो, तरी माझ्या तोंडून गेलंच, "मॅडम, हा तुम्हीच जोडला नसेल कशावरून?" आज हे आठवलं की लाज वाटते. त्या वरूनच म्हणाल्या, "बरोबर. हाच प्रश्न विचारायला पाहिजे. म्हणून मी हात लावत नाही. जा, प्रमुखांना घेऊन या."

ती केबिन एका ज्येष्ठ प्राध्यापकांची होती. त्यांचं नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत. यादीतला शेवटचा मुलगा त्यांचा भाचा होता, हे प्रमुखांना ठाऊक होतं. तरीही ते म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला विचारायचं तरी काय? केबल तर कुणीही ओढून ठेवेल. मॅडम म्हणाल्या, "विचारायचं नाही. उद्या दुपारी एक चाळीसला तुम्ही स्वतः या टोकाचा जोड काढा. मी काढला तर उद्या माझ्यावरच येईल. सगळी लाईन मरेल. जेवणाच्या वेळी ते कुणाला कळणार नाही. ज्याला कळेल, तो बाहेर येईल." दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या बियाण्याच्या खोलीत पोत्यांआड उभे राहिलो, दार अर्धवट उघडं ठेवून. प्रमुखांनी जोड काढला. व्हरांड्यात शांतता. एक मिनिट, दोन मिनिटं... मला वाटलं, काही होणार नाही, आणि खरं सांगायचं तर तसंच व्हावं असंही क्षणभर वाटलं, कारण मग माझं लिहिणं खरं ठरलं असतं. तेवढ्यात पलीकडच्या केबिनचं दार उघडलं. हात रुमालाला पुसत ते सर बाहेर आले, आमच्या खोलीच्या दारात आले, आणि इकडं तिकडं न बघता त्यांनी थेट वर बघितलं. छताकडे. सरकलेल्या पत्र्याकडे.

मॅडम पोत्यामागून पुढं आल्या. "सर, तुम्ही वर का बघितलं?"

"पंखा... पंखा बंद पडला वाटलं."

"या खोलीत पंखा नाही, सर."

पुढं जे झालं ते आपल्याकडे होतं तसंच झालं. केबिनमधलं मशीन सील झालं, त्यात माझा पासवर्ड निघाला, आणखी बऱ्याच जणांचे निघाले. जेवणाच्या सुट्टीत मी मशीन बंद करून गेलो की त्यांचं मशीन माझा नंबर लावून बसायचं, हेही कळलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. सर लांब रजेवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. भाच्याचा प्रवेश रद्द झाला, मंगलला तिची जागा मिळाली. ती पेढे घेऊन आली तेव्हा मॅडमनी पेढा घेतला आणि "घरी जाताना कागद सगळे सांभाळून ने," एवढंच सांगितलं. किल्ली परत मिळाली, पण दिलगिरीचं एक पत्रसुद्धा त्यांना कुणी दिलं नाही. चौकशीच्या अहवालात 'केंद्राच्या दक्षतेमुळे' असे शब्द होते. साळवे हे नाव त्यात फक्त एका ठिकाणी होतं... माझ्या जबाबात, जोडलेल्या कागदांमध्ये.

त्याची प्रत त्यांना मिळाली होती. आठवडाभर मी त्यांच्या टेबलासमोरून जाणं टाळत होतो. शेवटी एका सकाळी त्यांनीच हाक मारली. "बसा कदम. वाचलं मी. अक्षर चांगलं आहे तुमचं." मी काहीतरी पुटपुटलो. भीतीनं, मुलीसाठी, नोकरीसाठी... त्यांनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मी तुमच्यावर अकरा दिवस संशय घेतला. तुम्ही माझ्यावर एका दुपारी घेतला. त्याचं मला काही नाही, संशय घेणं माझंच काम आहे. पण मी वेळा लिहिल्या, नाव लिहिलं नाही. तुम्ही आडनाव लिहिलंत." आणि मग त्यांच्या गावच्या बोलीत, जी मी कचेरीत त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, म्हणाल्या, "लई लागलं मला ते." आणि पट्टी उचलून कागद वाचायला लागल्या.

मी माफी मागितली का? मागितली असं मी बरीच वर्षं सुलभाला सांगत आलो. नीट शब्दांत कधीच मागितली नाही. पुढं दोन महिन्यांनी मी माझा डबा घेऊन दुपारी मशीनरूमच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मी काही मागायला आलोय का, हे बघत. मग दुसरी खुर्ची पुढं ओढली. त्या निवृत्त होईपर्यंत आम्ही तिथं एकत्र जेवलो. मैत्री म्हणावी तर होती. पण मी काही सांगितलं की त्या क्षणभर थांबून तपासायच्या, तो क्षण शेवटपर्यंत गेला नाही, आणि तो जावा अशी अपेक्षा करायचा हक्कही मला नव्हता.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाच्या दिवशी मला ताप होता, जाता आलं नाही. परवा मिरजगावला गेलो. हायवेपासून आत त्यांचं साधं घर, ओसरीत एक लोखंडी बाक. भावानं त्यांचा शेवटचा आजार सांगितला. मी ऐकलं आणि मग माझं सांगितलं. तो जबाब, ते आडनावाचं वाक्य, सगळं. "कुनीतरी लिहून दिलं हुतं, एवढं तिनं सांगितलं हुतं," तो म्हणाला. "वडील लई मागं लागले हुते नावासाठी. तिनं नाव न्हाई काढलं." मला वाटलं, आता हा मला जायला सांगेल. तो उठला, म्हणाला, "बसा. च्या टाकतो," आणि आत गेला.

मी बाकावर एकटा बसलो होतो, तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी आली. हातात मोबाईल, चेहरा घाबरलेला. मला पाहून थबकली. "मॅडम गेल्या ते ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर आता इचारायचं कुनाला? रोज सकाळी हितंच बसायच्या त्या. समद्या गावाचे मेसेज बघायच्या." मोबाईल पुढं केला. आज रात्री वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असा मेसेज होता. मी विचारलं, तुम्ही केला का फोन? "न्हाई बा. मॅडमनी सांगितलंय, आदी मला दाखवायचं, मंग बोट लावायचं."

मी बाकावर सरकून तिला जागा केली, चष्मा लावला आणि मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. तोवर फाटकात आणखी एक बाई येऊन उभी राहिली होती.